मेरिनची तेवीस पानं

रविवारी दुपारी जेवणाची भांडी विसळून झाल्यावर पॅस्कोबाईंनी लॅपटॉप उघडला, तेव्हा पडद्यावर लाल अक्षरांत एक सूचना होती : 'तुमची जागा ९८ टक्के भरली आहे.'

भरलेली वस्तू पॅस्कोबाईंना बघवत नसे. कचऱ्याची टोपली असो, मुलांचा ट्रे असो, नाहीतर चहाची किटली असो, रिकामी करून पालथी घातल्याशिवाय त्यांना चैन पडत नसे. टिलबरा या गव्हाच्या शेतांमधल्या छोट्या गावाच्या शाळेत गेली एकोणतीस वर्षं त्या वरचा वर्ग शिकवत होत्या. वरचा वर्ग म्हणजे पाचवी आणि सहावी, एकाच खोलीत. सत्र संपलं की भिंतीवरची चित्रं उतरत, ट्रे उलटे होत, ज्याचं काम त्याच्या पिशवीत बसून घरी जाई. नव्या मुलांना कोरी खोली मिळाली पाहिजे, असं त्यांचं म्हणणं. पॅस्कोबाईंच्या वर्गात सुट्टीत उंदीर शिरला तर बिचारा उपाशी मरेल, असं गावात लोक म्हणत.

पण दोन वर्षांपूर्वी उंदीर सुट्टीची वाट न बघता आले. गव्हाच्या त्या सगळ्या पट्ट्यात तेव्हा उंदरांचा नुसता सुळसुळाट झाला होता. शाळेच्या कपाटात शिरून त्यांनी पाचवी-सहावीचं अख्खं वर्ष पुठ्ठ्यांसकट कुरतडून टाकलं. त्यानंतर ठरलं की मुलांनी लिहायचं ते लॅपटॉपवर. लॅपटॉपवरचं आपोआप ऑनलाइन साठ्यात जाईल, आणि तिथून बाईंच्या लॅपटॉपवर येईल. एकच पान तीन ठिकाणी. "वर काही उंदीर चढत नाहीत," असं ऑफिसातली नोलीन म्हणाली होती. नोलीनवर सगळ्यांचा विश्वास, कारण शाळेची घंटा, मलमपट्टी, चहा आणि छपाईचं यंत्र हे सगळं तिच्याच हातात होतं.

या साठ्यातली सगळ्यात मोलाची चीज म्हणजे शुक्रवारची पानं.

दर शुक्रवारी शेवटच्या तासाला प्रत्येक मुलाने एक पान लिहायचं. विषय नाही, गुण नाहीत, चुका काढणं नाही. "आणि मी वाचणारही नाही," असं बाईंनी फेब्रुवारीत शाळा उघडली त्या दिवशीच सांगून टाकलं होतं. "हे पान तुमचं. वर्ष संपलं की मी सगळी पानं छापून, शिवून, पुस्तक करून तुमच्या हातात देईन. दाखवायचं त्याला दाखवा, नाहीतर गादीखाली ठेवा." दिलेला शब्द त्यांनी पाळला होता. चौदा मुलांचे चौदा फोल्डर रोज डोळ्यांसमोर असत, पण त्यातलं एकही पान त्यांनी उघडलं नव्हतं. फक्त कुठली फाइल केवढी आहे ते यादीत दिसे, तेवढं मात्र त्या चोरून बघत.

त्यातही मेरिन टेलफोर्डची. मेरिन मे महिन्यात, तिकडच्या थंडीच्या तोंडावर, आईकडून बापाकडे राहायला आली होती. बापाचं शेत गावापासून साठ किलोमीटरवर. पोरगी वर्गात 'हो' आणि 'नाही' यापलीकडे बोलत नसे. तिची पहिली फाइल नखाएवढी, दुसरी तेवढीच. मग काय झालं कोण जाणे, चौथ्या आठवड्यापासून ती फुगायला लागली, आणि नोव्हेंबरात वर्गातली सगळ्यात जाड फाइल मेरिनची होती. तेवीस आठवडे, तेवीस पानं. आत काय आहे ते बाईंना माहीत नव्हतं, पण पोरगी लिहितेय एवढंच त्यांना पुरेसं होतं. हे पुस्तक मेरिनच्या हातात ठेवायचं, या एका गोष्टीसाठी त्या डिसेंबरातल्या गुरुवारची, बक्षीस समारंभाची, वाट बघत होत्या.

आणि त्याआधीच्या रविवारी ही लाल सूचना.

बाईंनी शांतपणे विचार केला, गणिताचं उदाहरण सोडवावं तसा. एक पान तीन ठिकाणी आहे. मुलांकडे एक, वर एक, माझ्याकडे एक. मूळ तर मुलांकडेच. उद्या छपाई करायची ती मुलांच्या लॅपटॉपवरून करता येईल. मग माझ्याकडची प्रत काढून टाकली तर तिनातून एक गेली, राहिल्या दोन. यात चूक काढायला जागाच नव्हती.

त्यांनी चौदाही फोल्डर काढून टाकले. तरी सूचना लालच. मग लक्षात आलं की काढलेलं सगळं टोपलीत पडून आहे. ती रिकामी केली. तरीही लाल. मग त्या ऑनलाइन साठ्याच्या पानावर गेल्या, तर तिथेही एक टोपली, काठोकाठ भरलेली. 'कायमचं काढायचं? हे परत आणता येणार नाही,' असा प्रश्न आला. प्रश्न दोनदा वाचा आणि मग उत्तर लिहा, हे बाई मुलांना रोज सांगत. स्वतः मात्र त्यांनी तो एकदाच वाचला आणि 'हो' दाबलं. सूचना हिरवी झाली. घर झाडून काढल्यासारखं वाटलं. बाईंनी चहा केला, प्यायल्या, आणि किटली पालथी घातली.

सोमवारी सकाळी मुलांनी लॅपटॉप उघडले. बाई म्हणाल्या, "शुक्रवारची पानं उघडा. एकेकाने नोलीनकडे जाऊन छापून आणायची."

लॅकीने हात वर केला.

"मिस, माझी पानं चाललीत."

"कुठे चाललीत?"

"माहीत नाही. खालून चाललीत. नोव्हेंबर गेला. आता ऑक्टोबर चाललाय."

बाईंना वाटलं, हा नेहमीसारखा खोड्या काढतोय. त्या त्याच्या बाकापाशी गेल्या. पडद्यावर यादीतली नावं एकेक करून पुसली जात होती, फळ्यावरून कुणी ओलं फडकं फिरवावं तशी.

"मिस, माझा जूनपण गेला!" मागून इंडी ओरडली.

"माझं तर कधीच संपलं. मला वाटलं मीच काहीतरी दाबलं."

"झाकणं बंद करा!" बाईंचा आवाज एवढा चढलेला मुलांनी कधी ऐकला नव्हता. "सगळ्यांनी आधी झाकणं बंद करा!"

धडाधड झाकणं बंद झाली. लॅकीने मात्र, आता थांबलं का बघू या म्हणून, हळूच परत उघडलं. फेब्रुवारी तेवढा उरला होता. बघता बघता तोही गेला.

नोलीन चहाचा मग हातात घेऊनच आली. तिने पडदे बघितले, बाईंचा लॅपटॉप बघितला, काल काय काय दाबलं ते विचारून घेतलं आणि मग हातातला मग मुलांच्या बाकावर ठेवला. एरवी तिने असं कधीच केलं नसतं.

"ग्लेनिस, तीन प्रती नव्हत्याच गं," ती बाईंना म्हणाली.

"तीन ठिकाणी दिसत होत्या ना?"

"दिसत होत्या. एकच पान, तीन खिडक्यांतून. तू तुझ्या खिडकीतून हात घातलास आणि ते उचलून नेलंस. आता बाकीच्यांनी डोकावलं तर त्यांना काय दिसणार?"

"मग हे आधी कुणी का सांगितलं नाही?"

"मीच सांगितलं होतं, पहिल्या वर्षी. तू म्हणालीस, नोलीन, उंदीर चढत नाहीत ना, मग बास."

दोघी ऑफिसात गेल्या आणि मदतीच्या क्रमांकावर फोन लावला. बावीस मिनिटं गाणं ऐकल्यावर एक गोड आवाजाचा माणूस मिळाला. तो म्हणाला, काळजी करू नका, काढलेली पानं टोपलीतून सहज परत आणता येतात.

"टोपली रिकामी केली," बाई म्हणाल्या.

"हरकत नाही मॅडम. ती तुमच्या लॅपटॉपवरची. ऑनलाइन आणखी एक टोपली असते."

"तीही रिकामी केली."



"दोन्ही? फार व्यवस्थित आहात तुम्ही," तो म्हणाला. आवाजात खोचकपणा नव्हता, खरंखुरं आश्चर्य होतं. "तुमच्या शाळेने जादा राखणीची, म्हणजे बॅकअपची, सोय घेतली असती, तर आमच्याकडून परत मिळालं असतं. मार्चमध्ये त्याचा फॉर्म पाठवला होता. भरून आलेला दिसत नाही."

नोलीनने बाईंकडे बघितलं. "पिवळा कागद होता. मी तुझ्या टेबलावर ठेवला होता सहीसाठी."

"टेबलावर कागद पडलेला मला..."

"माहितीये," नोलीन म्हणाली. त्या एका शब्दाचंच बाईंना जास्त लागलं. एकोणतीस वर्षांत त्यांनी आपल्या हातांनी किती कागद फेकले असतील, आणि त्यात कुणाकुणाचं काय काय गेलं असेल, हा विचार त्यांच्या मनात पहिल्यांदाच आला.

नोलीन उठली, वर्गात जाऊन बाकांवरचे लॅपटॉप मोजून आली.

"तेराच आहेत. चौदावा?"

"मेरिनचा. ती आज आली नाही. कापणी चाललीय, तिच्या बापाला, डगला, तिला आणून सोडायला सवड नाही."

"टेलफोर्डच्या शेतावर इंटरनेट आहे?"

"कसलं इंटरनेट! टेकडीवर चढून हात वर केला तर फोनला एक रेघ येते म्हणे."

"ग्लेनिस!" नोलीनने बाईंचं मनगट धरलं. "म्हणजे तिच्या लॅपटॉपने शुक्रवारपासून बाहेर डोकावलेलंच नाही. तिची पानं आहेत तिथल्या तिथे!"

 तेरा मुलांचं वर्ष गेलं होतं, त्याला आता इलाज नव्हता. पण मेरिनची तेवीस पानं शाबूत होती. त्या लॅपटॉपला इंटरनेटची हवासुद्धा न लागता तो नोलीनच्या हातात आला, की ती पानं बचावली.

टेलफोर्डच्या घरी फोन नुसता वाजत राहिला. कापणीच्या दिवसांत घरात कोण असणार? तेव्हा नोलीनने धान्याच्या कोठारावर, वजनकाट्यावर बसणाऱ्या मर्वला फोन केला. मर्वकडे रेडिओ असे, आणि त्या दिवसांत मर्वच्या रेडिओवरून पंचक्रोशीतल्या प्रत्येक कापणीयंत्रात आणि मालट्रकात बोलता येई.

"मर्व, डग टेलफोर्डला निरोप दे. मेरिनचा लॅपटॉप उघडायचा नाही. बंद ठेवून तसाच्या तसा शाळेत आणायचा. लगेच."

"का? काय आहे त्यात?"

"मर्व, वेळ नाहीये. निरोप दे."

मर्वने निरोप दिला. पण डग होता चढाच्या पलीकडच्या शेतात, तिथे काट्यावरचा आवाज पोहोचेना. म्हणून मधल्या शेतातल्या ट्रिशने तो पुढे दिला, तिच्याकडून मालट्रकवाल्याने घेतला, आणि त्याने डगच्या बांधावर गाडी थांबवून सांगितला. निरोप नीट पोहोचला, पण त्याला मुळात कारणच नव्हतं, आणि बिनकारणाचा निरोप कुणाला सहन होतो? प्रत्येकाने पदरचं थोडं थोडं कारण घातलं. अर्ध्या तासाने मर्वनेच फोन करून नोलीनला विचारलं, "काय गं, कुणी म्हणे लांबून बसून आपल्या शाळेतल्या पोरांची पानं चोरतंय? पोलीस येणारेत का?"

"कुणी सांगितलं तुला?"

"सगळेच म्हणतायत. बरं, ते जाऊ दे. डग निघालाय. कापणीयंत्र शेतात उभं करून निघालाय."

"कापणी सोडून?" बाईंनी नोलीनच्या हातातून फोन घेतला. "मर्व, पश्चिमेला ढग आहेत ना रे?"

"आहेत तर. मी निरोप पाठवला त्याला, अरे, दोन तास कापून घे, मग जा. तर म्हणाला, पोरगी ऐकत नाही."

 डग टेलफोर्ड कापणीच्या दिवसांत जेवायलासुद्धा यंत्रावरून उतरत नसे. आणि तो पोरीच्या पानांसाठी निघाला होता.

नोलीनने मग तयारीच केली. चहाच्या खोलीत, फ्रिजच्या मागे, इंटरनेटच्या डब्याचा प्लग होता. तिने फ्रिज सरकवून तो ओढून काढला. "झालं. आता शाळेत इंटरनेट म्हणून काही नाही. लॅपटॉप आला की मी आधी सगळी पानं दुसरीकडे उतरवून घेते. मग काय व्हायचं ते होऊ दे."

"ड्रूला सांगितलंस ना?" ड्रू फॅरेल म्हणजे मुख्याध्यापक. खालचा वर्गही तेच शिकवत.

"सांगते. खाली चित्रकला चाललीय त्याची."

ती सांगायला निघाली, तेवढ्यात पहिलीतली एक मुलगी गुडघा फोडून रडत आली. तिला मलमपट्टी केली, पाणी दिलं, बसवलं. मग जेवणाची घंटा द्यायची वेळ झाली. मग लांबून धूळ दिसली, आणि टेलफोर्डचा पांढरा पिकअप वळणावर आला. नोलीन आणि बाई दोघीही फाटकाशी धावल्या.

पिकअप थांबला. मागे कुत्रा भुंकत होता. डग धुळीने पांढराफटक झालेला, अजून यंत्राच्या आवाजातच असल्यासारखा मोठ्याने बोलत होता. "आणला हो मिसेस पॅस्को! कोण आहे तो चोर?"

त्याच्या शेजारी मेरिन बसली होती. तिच्या मांडीवर लॅपटॉप होता, आणि तो सताड उघडा होता.

"अगं, बंद कर ते!" नोलीन किंचाळली.

"थांब, घाबरवू नकोस तिला," बाई म्हणाल्या. "इंटरनेट बंदच आहे ना आपलं? मेरिन, बाळा, काही झालं नाही. हळूच झाकण खाली कर."

"तू उघडलास कशाला?" डग म्हणाला. "निरोप काय होता? उघडू नका."

"बाबा, राखण करायची तर बंद झाकणातून कशी करणार?" मेरिन पडद्यावरची नजर न काढता म्हणाली. "कुणी चोरायला आलं तर दिसायला नको? आहेत मिस, सगळी आहेत. तेवीसच्या तेवीस. मी सगळ्या रस्त्याने मोजत आले."

बाईंनी एकोणतीस वर्षांत ऐकलेली ही सगळ्यात सुंदर मोजणी होती. त्या हसायला लागल्या, डोळे पुसायला लागल्या. आणि त्याच वेळी ऑफिसच्या खिडकीतून ड्रू फॅरेल डोकावले. विभागीय कचेरीशी त्यांची जेवणाच्या सुट्टीतली पडद्यावरची बैठक लागतच नव्हती, आणि ती का लागत नाही याचा शोध घेण्यात त्यांना यश आलं होतं.

"नोलीन! प्लग निघाला होता फ्रिजमागचा! कुणाचा तरी धक्का लागला असेल. लावला मी परत!" असं म्हणून त्यांनी अंगठा उंच करून दाखवला.

नोलीन वळली. बाई वळल्या. पिकअपमध्ये मेरिन अगदी हळू आवाजात म्हणाली, "मिस. चाललीत."

ती बोट लावून धरायला बघत होती. नावावर बोट ठेवी, बोटाखालून नाव जाई, मग ती पुढच्यावर ठेवी. शेवटी पडदा कोरा झाला. पॅस्कोबाईंना एरवी आवडतो तसा, स्वच्छ, कोरा.

"मी एकही जाऊ दिलं नव्हतं," मेरिन म्हणाली. "इथे येईपर्यंत."

बाईंनी तिथेच फाटकात उभं राहून सगळं सांगितलं. चोर कुणी नाही, मीच. काल मीच. डगने टोपी काढली, डोकं खाजवलं, परत घातली. "असं होय," तो म्हणाला. तो रागावला असता तर बाईंना सोपं गेलं असतं. त्याने पश्चिमेकडे एकदा बघितलं, पिकअप वळवला आणि पोरीला घेऊन गेला. तो वळणापाशी पोहोचतो न पोहोचतो तोच शाळेच्या पत्र्यावर टपटप थेंब वाजायला लागले.

दुसऱ्या दिवशी पाऊस लागूनच होता. कापणी बंद, त्यामुळे डगला सवड, त्यामुळे मेरिन शाळेत. चौदाही मुलं होती. बाई फळ्यासमोर उभ्या राहिल्या. त्यांच्या वर्गात माफी मागायची एक रीत होती : मी काय केलं, त्याने कुणाचं काय बिघडलं, आणि आता मी काय करणार. तीन वाक्यं. शेकडो मुलांकडून त्यांनी ती म्हणून घेतली होती.

"मी तुमची पानं पुसून टाकली," त्या म्हणाल्या. "तुमचं वर्षभराचं लिहिलेलं गेलं, आणि गुरुवारी तुम्हाला पुस्तक मिळणार नाही." तिसरं वाक्य त्यांच्या तोंडून येईना.

"मिस, खरं सांगू?" लॅकी म्हणाला. "मला बरंच वाटलं. मी आमच्या आईबद्दल लिहिलं होतं. आणि ती ते पुस्तक मागणारच होती."

मुलं हसली. इंडी हसली नाही. तिचे डोळे सुजलेले होते. "माझी घोड्याची गोष्ट होती, एकोणीस भागांची. मी परत लिहीन. पण मला नावंच आठवत नाहीयेत. मिस, पाचव्या भागात जी घोडी येते, तिचं नाव काय ठेवलं होतं मी?"

"मला कसं माहीत असणार, इंडी?"

"म्हणजे, तुम्ही वाचलंय ना."

"नाही. मी सांगितलं होतं की वाचणार नाही."

 मुलं एकमेकांकडे बघायला लागली.

"एकसुद्धा पान नाही?" लॅकीने विचारलं.

"एकसुद्धा नाही. शब्द दिला होता मी."

"आम्हाला वाटलं, तुम्ही आपलं तसं म्हणता. मोठी माणसं म्हणतात ना, मी बघत नाहीये हं, आणि बोटांच्या फटीतून बघतात."

"मी तीनदा लिहिलं होतं की माझी जागा खिडकीपासून बदला," मागच्या बाकावरची टेगन म्हणाली. "ऊन येतं तिथे. मला वाटलं, तुम्ही मुद्दाम बदलत नाही."

"मी एक कोडं घातलं होतं तुम्हाला. एप्रिलपासून वाट बघतोय."

"मी वाढदिवसाला बोलावलं होतं," इंडी म्हणाली. "ऑगस्टमध्ये. खुर्चीपण ठेवली होती."

 चौदा मुलांनी वर्षभर पॅस्कोबाईंना पत्रं लिहिली होती, आणि त्यांनी एकही पाकीट फोडलं नव्हतं. वर त्याचा अभिमान बाळगला होता. रविवारी पानं पुसली ती चूकच होती. पण ती एका दुपारची. ही तर फेब्रुवारीपासून दर आठवड्याला घडत होती. तिच्यावर कुठलीही लाल सूचना आली नव्हती.

"घोडीचं नाव आपण सगळे मिळून आठवू," एवढंच त्या म्हणाल्या. मग टेगनचा बाक खिडकीपासून लांब सरकवला. वर्ष संपायला तीन दिवस उरले होते.

शाळा सुटली. पाऊस थांबला नव्हता. मेरिन दप्तर पाठीला लावून दारात घुटमळत होती. दिवसभरात ती एक शब्द बोलली नव्हती.

"बाबा येतायत ना न्यायला?"

"हो. वीस मिनिटांत." ती आत आली आणि दार लोटून घेतलं. "मिस, तुम्ही सगळ्यांसमोर खोटं बोललात."

"मी?"

"त्यांचं वाचलं नसेल. पण माझं वाचत होतात. मला माहितीये."

"मेरिन, मी खरंच..."

"मी तपासून बघितलंय," मेरिन म्हणाली. "तिसऱ्या पानावर. पहिल्या दोन पानांवर मी नुसतं लिहिलं होतं, माझं नाव मेरिन, आज थंडी आहे. मग तिसऱ्यावर लिहिलं, मिस, तुम्ही हे वाचत असाल तर सोमवारी मधल्या सुट्टीत सफरचंदाऐवजी संत्रं खा. तुम्ही रोज सफरचंदच खाता. त्या झाडाखाली उभ्या राहून." तिने खिडकीतून झाडाकडे बोट केलं. "सोमवारी तुम्ही संत्रं खाल्लंत. सोललंत आणि माझ्याकडे बघून हसलात."

बाईंना आठवलं. नोलीनच्या परसातल्या झाडाला तेव्हा इतकी संत्री लागली होती, की तिने गावात घरोघर पिशव्या वाटल्या होत्या. फेकवत नाहीत म्हणून बाई आठवडाभर संत्रीच खात होत्या. आणि हसल्या असतील. मैदानावर नव्या मुलाशी नजरानजर झाली की त्या हसतच.

"म्हणून मग मी चौथ्यापासून सगळं लिहिलं," मेरिन म्हणाली. "आईचं. इथे यायच्या आधीचं. सगळंच. तुमच्याशिवाय कुणाला माहीत नाही ते."

बाईंनी तोंड उघडलं. खरं बोलावं, लगेच बोलावं, बोलायला कठीण असेल तर आणखी लगेच बोलावं, हे त्यांनी याच खोलीत किती पिढ्यांना शिकवलं होतं. समोर मेरिन ओल्या बुटांत उभी होती आणि त्यांच्याकडे सरळ बघत होती. मे महिन्यात ती कुणाकडेच सरळ बघत नसे.

बाईंनी तोंड मिटलं. लहान मुलांची एक खुर्ची ओढली आणि तिच्यावर बसल्या. गुडघे हनुवटीपर्यंत आले.

"मेरिन," त्या म्हणाल्या, "ते मला परत सांगशील? तुझ्या तोंडून?"

"सगळी तेवीस?"

"सगळी तेवीस."

मेरिनने दप्तर खाली ठेवलं आणि घड्याळाकडे बघितलं.

"मग मध्ये बोलायचं नाही हं," ती म्हणाली. "वेळ कमी आहे."